मोगऱ्याची छाटणी, शेवंतीचा अंधार

ठाणे-नवी मुंबईत थंडी नावालाच, पण मोगऱ्याला तेवढी पुरते. जानेवारीत आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी करायचं, मग फांद्या निम्म्यावर छाटून उरलेली पानंही खुडायची. वरची 2 इंच माती उकरून दोन मुठी जुनं शेणखत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटताना हात आखडायचा नाही. 12 इंची कुंडीला पाच-सहा तास थेट ऊन हवंच. सावली असली किंवा नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. मार्चच्या सुमारास हिरव्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसू लागतात. बहर ओसरला की फुललेलं टोक पानांच्या एका जोडीसकट कापा, पुन्हा फूट येते.

पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढाच, नाहीतर मुळं कुजतात. गोकर्ण आणि तेरडा तेव्हा फारशी देखभाल न मागता फुलतात.

शेवंतीची 4 इंची कलमं जूनमध्ये लावून ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहायचं. तिला कळी धरायला लांब, सलग रात्र लागते. बाल्कनीतला दिवा रात्रभर तिच्यावर जळत राहिला, तर दिवाळी उलटली तरी कळीचा पत्ता नसतो. दिवसा ऊन, रात्री काळोख मिळेल अशा जागी कुंडी सरकवा.