तू ठरव रे

"तू ठरव रे, मला काय."

संद्याचं हे वाक्य कालपासून डोक्यात घोळतंय. तसं त्यात वाईट काहीच नाही. मी फोन केला होता बिअरच्या नळीसाठी, म्हणजे घरी केलेली बिअर फ्रीजमधल्या केगमधून (पिंपातून) नळापर्यंत नेणारी नळी. जुनी व्हिनाइलची नळी पिवळी पडलीय, कितीही धुवा, वास जात नाही, म्हणून यावेळी सगळंच बदलायचं म्हणतोय, ती ईव्हीए बॅरियरवाली घ्यायची, आतून ४ मिमी आणि बाहेरून ८, तिच्यातून ऑक्सिजन फारसा आत येत नाही, तर ४ ची घेऊ की ५ ची आणि लांबी किती ठेवू, एवढंच विचारलं. तर म्हणे तू ठरव.

हा तोच संद्या. पहिल्या वेळी नळीच्या लांबीवरून याच बेसमेंटमध्ये आम्ही हमरीतुमरीवर आलो होतो. तो चार्ट घेऊन बसला, की ३/१६ इंची नळी फुटाला ३ पीएसआय (प्रेशरचं माप) अडवते, गॅसच्या सिलिंडरचं प्रेशर १२, म्हणजे ४ फूट झाली, विषय संपला. मी म्हणत होतो १० फूट तरी हवी. शेवटी त्याच्या हट्टाने ४ फुटी लावली आणि नळ उघडल्यावर ग्लासात नुसता फेस, खाली बोटभर बिअर. तरी कबूल नाही! प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा काटा खोटं बोलतो म्हणाला, मग फ्रीज ३८ डिग्री फॅरनहाइटवर नाहीच म्हणून थर्मामीटर आणायला पळाला. थर्मामीटर ३८ च दाखवत होता.

तो माणूस म्हणतो मला काय.

डॅलसला गेल्यापासून तो बदललाय असं ही म्हणते. मला तसं वाटत नाही. बिअर सोडली असेल का त्याने? विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पण सोडली तरी नळीबद्दल मत असायला काय हरकत आहे, मी क्रिकेट खेळत नाही म्हणून बॅटिंग ऑर्डरवर बोलायचं थांबलोय का. आईला व्हिडिओ कॉलवर तो फ्रीज दाखवत नाही, तो विषय वेगळा.

रात्री कार्ट उघडून बसलो आणि उगाच जीव कासावीस झाला. राष्ट्राध्यक्ष कार्टरने १९७८ मध्ये कायद्यावर सही केली, तो १९७९ मध्ये लागू झाला तेव्हापासून इथे अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राची हरकत नाही, एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. आमचं घर कागदावर २०० वालं. ही घोटभर घेत नाही. १०० म्हणजे पाच गॅलनच्या वीस केग, आणि पिणारा मी एकटा. कोणासाठी चाललंय हे सगळं? दोन नळ कशाला, एक पुरे, तोही कशाला, दुकानातून सहाचं पॅक आणावं आणि गप्प बसावं. असं बराच वेळ चाललं.

मग लक्षात आलं की मी फिटिंग बघताना मोठ्याने बोलतोय, आणि अर्धी वाक्यं संद्याची आहेत. म्हणजे मी म्हणतो पुश फिटिंग घे, नळी सरळ कापायची, आत ढकलायची, झालं. आणि मीच त्याच्या आवाजात म्हणतो, ढकललेलं उद्या निसटलं आणि रातोरात पाच गॅलन फ्रीजच्या बुडात गेली तर? बार्ब, म्हणजे नळी चढवायचं खाचांचं टोक, आणि वर क्लॅम्प, हेच बरं. पण ही नळी कडक, व्हिनाइलसारखी गरम पाण्यात बुडवून बार्बवर चढवायला अंगठे सोलून निघतील. वरून हिचा आवाज, कोण आलंय?

खरं तर मला त्याचा सल्ला नकोच होता. सोबत वाद घातला की फेस आला तरी अर्धा त्याच्या नावावर टाकता येतो. आता सगळा माझ्या एकट्याच्या नावावर.

असो. ४ मिमीच घेतली. तिचा अडथळा जास्त, म्हणून बिअरला ६ फूट लावून बघेन आणि लागली तर कापत जाईन, कापता येते, जोडता येत नाही. नळाचे शँक, म्हणजे फ्रीजच्या भिंतीतून नळाला जोडणारे तुकडे, स्टेनलेसचे, यात तडजोड नाही, पितळेवरचा मुलामा उडाला की बिअरला धातूची चव येते. केगला नळ्या जोडणारे डिस्कनेक्ट, बिअरचे काळे आणि गॅसचे राखाडी, थ्रेडवाले, म्हणजे फिटिंग स्क्रूने निघतं आणि धुता येतं. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, नाहीतर अख्खा सिलिंडर गुपचूप रिकामा होतो.

आणि दुसरा नळ राहिला. सकाळी हिला विचारलं तर म्हणाली, सोडा येईल का त्यातून? येईल की. फक्त त्याला ३० च्या आसपास पीएसआय लागतं, म्हणजे दुसरा रेग्युलेटर आला आणि नळी बिअरपेक्षा कितीतरी लांब, गुंडाळून फ्रीजच्या कोपऱ्यात ठेवावी लागणार. कोकम थेट केगमध्ये घालू का म्हणत होती. नाही म्हटलं, रूट बिअरचा (इथलं एक गोड सोडा पेय) वास एकदा नळीत बसला की निघत नाही, कोकमाचा धोका कशाला घ्या, सरबत ग्लासात घाल आणि वरून सोडा. त्यावर तिचं स्वतःचं मत आहे, केगमध्येच नीट मिसळतं म्हणे, आणि ती नळी तशीही माझीच असणार आहे ना? यावर जेवताना पुन्हा बोलायचं ठरलंय.