भूपाच्याच पट्ट्यांवर मालकंस

भूप आणि मालकंस या दोन रागांच्या स्वरांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पेटीच्या ज्या पाच काळ्या पट्ट्यांवर भूप वाजतो, त्यांच्यावरच मालकंसही वाजतो. मग दोघांचे स्वर एकच म्हणायचे का, असे शिकायला येणारे मला नेहमी विचारतात.

काळी तीनला (सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला) षड्ज म्हणजे सा धरून केवळ काळ्या पट्ट्यांनी वर गेलात, तर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांच्या हिशेबाने २, २, ३, २, ३ अशी अंतरे पडतात आणि भूपाचे स्वर मिळतात. हीच माळ पुढच्या सप्तकात पुन्हा सुरू होत असल्यामुळे षड्ज काळी पाचवर नेला, की ३, २, ३, २, २ असा मालकंस हाती येतो. काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी, काळी चारवर मध्यमाद सारंग. यालाच षड्जचालन म्हणतात. (स्वर मिळाले म्हणजे राग झाला असे नव्हे, देशकाराचे स्वर भूपाचेच आहेत.)

तंबोऱ्यावर मात्र ही माळ इतकी सरळ फिरत नाही. षड्जापासून शुद्ध पंचमाच्या अंतराने चार पावले गेलो, की पंचम, रिषभ, धैवत आणि शेवटी गंधार मिळतो. पण हा गंधार खर्जाच्या (सर्वांत खालच्या षड्जाच्या) तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे २२ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पेटीत प्रत्येक पाऊल सुमारे २ सेंटने आखूड असते, तरी तिचा गंधार सुमारे १४ सेंट चढाच राहतो. गळ्याने तंबोऱ्याचा गंधार आणि त्याच्याशी जुळणारा धैवत घेतला, तर ती २२ सेंटची सगळी तफावत रिषभ-धैवताच्या अंतरात साठते.

आता मालकंसात भूपाचा धैवत होतो मध्यम आणि रिषभ होतो कोमल निषाद. तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली असते, तिच्यापुढे तो निषाद २२ सेंट चढा राहतो आणि कानाला टोचतो. म्हणून मी विद्यार्थ्याला त्या तारेवर लक्ष ठेवून निषाद हळूहळू उतरवायला सांगतो. एका जागी तो मध्यमात असा मिसळतो, की वेगळा ऐकूच येत नाही. तेवढ्याने कोमल गंधाराशी असलेला त्याचा संवाद (शुद्ध पंचमाचे नाते) सुटतो, पण अखंड वाजणारा मध्यम समोर असताना मी निषादाची तीच जागा पक्की करून घेतो.