मुद्रितशोधनासाठी मॉनिटर निवडताना

मराठी पुस्तकांची मुद्रिते तपासण्याचे काम मी घरून करतो आणि त्यासाठी लॅपटॉपला जोडायला मॉनिटर, माउस व कीबोर्ड हवा होता. मॉनिटर किती इंचांचा घ्यायचा, हे माझ्यापुरते ए-फोर कागदानेच ठरवून टाकले. अशी दोन पाने मूळ आकारात शेजारी शेजारी दिसायची तर पडद्याची उंची २९७ मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त लागते. २४ इंची पडदा जेमतेम २९९ मिलिमीटर उंच असल्याने त्यावर पानाखेरीज मेनूच्या पट्टीलाही जागा उरत नाही, तर २७ इंची पडद्याची उंची सुमारे ३३६ मिलिमीटर भरते.

खरी अडचण त्यानंतरची होती. १९२० बाय १०८० पिक्सेलचा २७ इंची मॉनिटर स्वस्त मिळतो, पण त्यावर इंचाला सुमारे ८२ पिक्सेलच येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार असतात. त्यामुळे बारीक टाइपात ‘ष्ट’ की ‘ष्ठ’ हे मोजक्या पिक्सेलांवरून ओळखावे लागते. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या दुकानांत जाताना मी पेन ड्राइव्हवर तळटीपांनी भरलेले एक पान घेऊन गेलो आणि प्रत्येक मॉनिटरवर तेच उघडायला लावले. दुकानदार उत्साहाने लावतात त्या झगमगीत निसर्गचित्रांवरून अक्षरांविषयी काहीच कळत नाही. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल येतात आणि तेथे अनुस्वार स्वच्छ, सुटा दिसला. फोर-केवर, म्हणजे ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर, इंचाला १६३ पिक्सेल येऊन छापील पानाचाच भास झाला, हे मान्य करायला हवे. पण माझ्या लॅपटॉपचे एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरची वायर जोडायचे पोर्ट, जुन्या १.४ प्रकारचे असल्याने फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि पान सरकवताना ओळी अडखळतात. म्हणून १४४० वर थांबलो. पडद्याच्या पॅनेलच्या प्रकारांपैकी आयपीएस घेतले, कारण व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलवर बाजूने पाहिले की काळी अक्षरे फिकट वाटत होती. उंची कमीजास्त करता येणाऱ्या स्टँडसाठी थोडे जास्त पैसे मोजले.

माउसच्या खोक्यावर छापलेले डीपीआयचे, म्हणजे माउस इंचभर हलवला की बाण किती ठिपके सरकतो याचे, मोठमोठे आकडे खेळ खेळणाऱ्यांनी पाहावेत. माझे काम हजार-दीड हजार डीपीआयमध्ये भागते. मला चाक हलके आणि न अडकणारे हवे होते, कारण दिवसभर शेकडो पाने सरकवायची असतात. वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबी ३.० पोर्टच्या अगदी शेजारी लावला की त्या पोर्टमधून निघणाऱ्या रेडिओ गोंगाटाने बाण अधूनमधून अडखळतो, म्हणून तो छोट्या एक्स्टेन्शन वायरने मॉनिटरच्या पायाशी आणून ठेवला आहे.

कीबोर्ड घेताना देवनागरी अक्षरे छापलेला शोधण्यात वेळ घालवला नाही. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित कळरचनेत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. बोटांना ती जागा ठाऊक झाल्यावर छापील अक्षरांकडे नजर जात नाही. उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड मात्र मुद्दाम निवडला, कारण त्यामुळे माउस चार बोटे जवळ येतो आणि खुणा करताना खांदा सतत बाहेर ताणावा लागत नाही.