परतवाडा, चिखलदरा, घटांग: भर पावसाळ्यातील सायकलफेरीचा माझा अनुभव

अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारे दोन रस्ते आहेत. एक धामणगाव गढीवरून मोथ्याच्या बाजूने चढतो आणि साधारण तीस किलोमीटरांत चिखलदऱ्याला पोहोचतो. दुसरा बिहाली-घटांगवरून वळसा घेत जातो. तो बराच लांब आहे आणि त्याचा घटांगपर्यंतचा भाग म्हणजे सेमाडोह-धारणीकडे जाणारा वाहता रस्ताच आहे. आमच्या अचलपूर तालुक्यातील सायकल चालवणारी मंडळी बहुधा धामणगावचा घाट चढतात आणि त्याच घाटाने खाली येतात. मला मात्र दोन्ही रस्ते जोडून एक पूर्ण फेरी करायची होती आणि तीही पावसाळ्यातच, कारण गाविलगडच्या या डोंगररांगेतले धबधबे पाऊस सरल्यावर फार काळ थांबत नाहीत. सगळा डोंगर बेसॉल्टच्या एकावर एक रचलेल्या थरांचा आहे, ओढ्यांचे पाणलोट लहान आहेत, आणि त्यामुळे ऑगस्टमध्ये ज्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो त्यांतल्या कित्येक धारा हिवाळ्यात दगडावरच्या ओल्या डागापुरत्या उरतात.

कागदावर हिशेब मांडला तेव्हा चढ अवघड वाटला नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर आहे आणि परतवाडा त्याच्या खाली सुमारे सातशे मीटर. धामणगाव गढीपर्यंत रस्ता जवळपास सपाट असल्याने ही उंची शेवटच्या वीसेक किलोमीटरांत गाठायची असते, म्हणजे सरासरी साडेतीन टक्के. परंतु घाट सरासरीने चढता येत नाही. काही वळणांवर चढ सात-आठ टक्क्यांवर जातो आणि तिथे गिअर हलका नसेल तर गुडघे बोलू लागतात. माझ्या सायकलीला पुढे लहान चकती ३४ दात्यांची आणि मागे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे होते. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. ताशी आठ किलोमीटर वेगाने चढायचे तर मिनिटाला बावन्न फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्याला जोर लावावा लागतो. मागे ३२ दात्यांचे चक्र घेतले की त्याच वेगाला साठ फेरे होतात. आकड्यांतला हा फरक किरकोळ दिसतो, पण दीड-दोन तास सलग चढताना तो मांड्यांना चांगलाच कळतो.

कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलायला गेलो तेव्हा मेकॅनिकने सायकल उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, कॅसेट बसून जाईन, पण डिरेलर लांब पिंजऱ्याचा लागते, अन् चेनही नवी घ्या लागते. तुम्ही चढाचं लय मनावर घेऊन रायले. उतरतानीचं काय? ब्रेकची रबरं पाह्यली का?" डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. रबरे वरून ठीक दिसत होती, पण त्यांवरच्या खाचा जवळजवळ मिटल्या होत्या. त्याने ती बदलली, टायरही २३ मिलिमीटरचे काढून २८ मिलिमीटरचे बसवले आणि ओल्या रस्त्यावर हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवायला सांगितले, म्हणजे रबराचा रस्त्याशी जास्त संपर्क राहतो. पुढे या फेरीचा विचार करताना मला त्याचाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत गेला. चढताना मनुष्य दमतो आणि फार तर उतरून सायकल ढकलतो. उतारावर अशी सवलत नाही.

म्हणून पुढचे काही रविवार मी घाटात न जाता सापन धरणाच्या वझ्झरकडच्या रस्त्यावर पावसात ब्रेक लावण्याचा सराव केला. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचा स्वभाव असा की ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसते आणि मग पकडते, त्यामुळे पहिला काही क्षण ब्रेक लावूनही वेग कमी होत नाही. तेवढ्यात घाबरून मूठ आवळली आणि पाणी पुसले जाताच पकड एकदम आली, तर चाक घसरते. यावर उपाय म्हणजे वळण दिसताच, बरेच आधी, ब्रेक हलका टेकवून रिम कोरडी करून घ्यायची, खरा वेग वळणापूर्वीच्या सरळ तुकड्यावर उतरवायचा आणि वळणात ब्रेक शक्यतो लावायचाच नाही. हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावरून ब्रेक धरला तर बोटांना चांगली तरफ मिळते आणि पावसाने गारठलेली बोटे तासाभरानंतरही काम करतात. धरणाच्या पाण्यावर सरी येत-जात असताना त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा तेच करणारा मी गुरे चारणाऱ्यांच्या दृष्टीने करमणुकीचा विषय झालो होतो.

दुसरी शंका जंगलाची होती. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, त्यामुळे सायकलीने जायला परवानगी लागते की काय, असा प्रश्न मला पडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातून सार्वजनिक महामार्गाने जाणाऱ्या व्यक्तीसाठी वेगळी तरतूद आहे, एवढे मला वाचून माहीत होते, पण तेवढ्यावर निर्धास्त होण्यापेक्षा वनखात्यात जाऊन विचारलेले बरे. उत्तर सरळ मिळाले: वाहत्या डांबरी रस्त्याने दिवसाउजेडी खुशाल जा, पण आत जाणाऱ्या कच्च्या वाटांवर सायकल घालू नका, आणि गवा रस्त्यावर दिसला तर घंटी न वाजवता थांबा. गवा हा प्राणी दिसायला शांत असला तरी सायकलस्वाराने त्याच्या शांतपणाची परीक्षा घेऊ नये, हे माझेही मत आहे. वाटेत मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला आणि कोणत्या गावी साधारण किती वाजता असेन, ते घरी लिहून ठेवले.

फेरी कोणत्या दिशेने करायची, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे होते. माझ्या मते धामणगावकडून चढावे आणि घटांगकडून उतरावे. धामणगावचा घाट तेवढीच उंची कमी अंतरात गाठतो, म्हणजे तो अधिक उभा आहे. असा घाट ओला असताना उतरण्यापेक्षा चढायला घेतलेला बरा. शिवाय पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी सकाळ वर सरकली की पर्यटकांच्या गाड्यांची रांग याच बाजूने चढते, त्यामुळे पहाटे निघून तिच्या आधी माथा गाठता येतो. घटांगच्या रस्त्यावर धारणीकडून येणाऱ्या एसटी आणि ट्रक असतात, हा त्याचा दोष आहे, पण त्यावर उतार लांबलचक पसरलेला आहे आणि ब्रेकला मध्ये मध्ये उसंत मिळते.

उजाडायच्या आत निघालो. संत्र्याच्या बागांमधून धामणगाव गढीपर्यंतचा रस्ता मुद्दाम संथपणे कापला आणि घाट सुरू होताच सर्वांत हलका गिअर टाकला. चढात मी एकच नियम पाळला: तोंड मिटून श्वास घेता येत नसेल तर वेग कमी करायचा. अशा मेहनतीत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, म्हणून खिशात केळी आणि गूळ-फुटाणे होते. ते भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने खाल्ले. माकडांच्या टोळीसमोर मात्र पुडी बाहेर काढू नये. सागाला त्या दिवसांत पांढुरका मोहर असतो आणि त्याची तळहाताहून मोठी पाने रस्त्यावर ओली होऊन चिकटलेली असतात. चढताना ती चाकाखाली नुसती फाटतात, पण त्यांवर बुळबुळीत थर असतो, हे मी तिथेच बुटाने घासून पाहून ठेवले.

मोथ्याला पोहोचेपर्यंत धुके इतके दाटले की पुढचा-मागचा दिवा लावणे भाग पडले. या भागात गवळ्यांची वस्ती आहे आणि चिखलदऱ्याच्या खव्या-रबडीमागे त्यांचीच दुभती जनावरे आहेत. अलीकडे मोथ्याची स्ट्रॉबेरीही प्रसिद्ध झाली आहे, परंतु ती हिवाळ्यात. टपरीवरच्या काकूंनी चहा देताना "पाऊस अंगावर घेत काहून आले बापा?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता आणखी एक आलुबोंडा ताटलीत टाकला.

चिखलदऱ्यात शक्कर तलावाच्या काठाने फिरलो, काळापाणी तलावही पाहिला, पण त्या दिवशी खरे पाहण्यासारखे भीमकुंड होते. आधी दरी धुक्याने भरलेली होती आणि केवळ आवाज येत होता. वाऱ्याने धुके सरकले तेव्हा समोरच्या कड्यातले थर स्पष्ट दिसले आणि पाणी पहिल्या थरावरून सुटून खाली आपटल्यावर त्याचा तुषार पुन्हा वर येताना दिसला. अशा ठिकाणी रोड सायकलीचे बूट त्रास देतात. क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तुकडा, तळव्याबाहेर आलेली असेल तर ओल्या दगडावर पाऊल ठरत नाही. तळव्याच्या खाचेत क्लीट बसवलेले डोंगरी सायकलीचे बूट मी यासाठीच घातले होते. पुढे गाविलगड किल्ला लागतो. डिसेंबर १८०३ मध्ये ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगरातून ओढत किल्ल्याच्या उत्तरेकडे लबाडा या गावापर्यंत नेल्या होत्या, कारण मैदानाकडच्या बाजूला उभा कडा आहे. सात-आठ किलोंची सायकल घेऊन तोच डोंगर चढल्यावर आपल्या दमण्याविषयी फार बोलू नये असे वाटते.

चिखलदऱ्याहून घटांगकडे जाणारा रस्ता चढ-उतारांचा आणि दाट जंगलाचा आहे. हा माथा पाण्याची वाटणी करतो: दक्षिणेचे पाणी चंद्रभागा, सापन, शहानूर या नद्यांनी पूर्णेला मिळते, उत्तरेचे सिपना नदीने तापीकडे जाते, आणि पूर्णाही अखेर चांगदेवजवळ तापीलाच मिळते. मधल्या कोरकू आदिवासींच्या गावांतून शाळेची मुले "टाटा" करत धावतात, तेव्हा वेग आपोआप कमी होतो आणि तो कमी व्हावाच.

घटांगनंतर खरा उतार सुरू झाला. वझ्झरच्या रस्त्यावर केलेला सराव इथे उपयोगी पडला. ओढ्यांनी वळणाच्या पोटात बारीक खडी आणून टाकली होती, त्यामुळे वळण आतून कापण्याचा मोह सोडून मी मधला स्वच्छ पट्टा धरला. पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या आणि सागाची पाने टाळली. मागून ट्रक आला की थांबून त्याला पुढे जाऊ दिले. ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी दाबणे आणि सोडणे असे आळीपाळीने केल्याने रिमला आणि बोटांना विसावा मिळाला. बिहालीच्या पुढे रस्ता सौम्य झाला, पाऊस थांबला आणि परतवाड्यात शिरेपर्यंत अंगावरचे कपडे अर्धे वाळले होते.

सायकल त्याच दिवशी धुवावी, दुसऱ्या दिवशीवर टाकू नये. मी चेन पुसून तेल दिले आणि ब्रेकची रबरे काढून उजेडात पाहिली. काळ्या रबरात ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण रुतलेले होते. घाटातली वाळू रिमला घासून ते कण निर्माण करते आणि तसेच राहू दिले तर ते पुढच्या वेळी रिमवर चरे पाडतात. दाभणाच्या टोकाने ते एकेक करून काढले. उतारावर वजन पुढे येत असल्याने पुढची रबरे मागच्यांपेक्षा अधिक झिजली होती, पण खाचा अजून शिल्लक होत्या.