१५ किलोचं सोंग

शाळेच्या स्नेहसंमेलनात फॅन्सी ड्रेस असला की आमच्या गल्लीतून साधारण चार शिवाजी, तीन झाशीच्या राण्या, एक भाजीवाली आणि एक झाड निघतं. ज्याच्या घरी आदल्या रात्री नऊला आठवण होते, ते पोर झाड होतं. आमच्या कन्येनं यंदा आठ दिवस आधीच जाहीर केलं, मी वॉल-ई होणार.

वॉल-ई म्हणजे पिक्सारच्या २००८ सालच्या त्याच नावाच्या ॲनिमेशनपटातला यंत्रमानव. पृथ्वीचा उकिरडा करून माणसं अवकाशात निघून गेलीत आणि हा मागं एकटा राहिलाय. कचरा पोटात घेतो, दाबतो, चौकोनी वीट पाडतो, रचतो. असं ७०० वर्षं. अंगानं गंजकी पिवळी पेटी, पायांच्या जागी रणगाड्यासारखे पट्टे आणि दुर्बिणीसारखे दोन डोळे. आम्ही तो टीव्हीवर बघितला तेव्हा सुरुवातीचे कचऱ्याचे मनोरे पाहून बायको म्हणाली, "पूर ओसरल्यावरची आपली गल्ली." २०१९ च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि उतरल्यावर दारोदार गाद्या, फुगलेली कपाटं, चिखल भरलेले फ्रिज यांचे ढीग लागले होते. कन्येनं विचारलं, "मग आपल्याकडं का नाही आला तो?" तेव्हापासून तो तिच्या डोक्यात बसला असावा.

मी आधी सरळमार्गी माणसासारखा ड्रेपरीवाल्याकडं गेलो. सांगली पडली नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते इथंच. म्हटलं, या गावात सोंगांना काय तोटा? ड्रेपरीवाला म्हणाला, "स्पायडरमॅन आहे, छोटा भीम आहे, एल्सा आहे." यंत्रमानव म्हटल्यावर त्यानं चंदेरी रेक्झिनचं काहीतरी बाहेर ओढलं. त्याला गेल्या वर्षीच्या घामाचा आणि डांबरगोळीचा मिळून एक वास होता. भाडं ३००, अनामत ५००. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. इथं पैशाचं आणलं असतं तरी हवं ते सोंग मिळत नव्हतं.

मी मार्केट यार्डात एका अडतीवर दिवाणजी आहे. माझ्या टेबलापासून चार हातांवर बेदाण्याच्या बॉक्सची थप्पी लागलेली असते आणि मी रोज तिच्याकडं बघत वजनाचा आणि कडत्याचा, म्हणजे वजनातून कापायच्या घटीचा, हिशेब लिहितो. तरी १५ किलोच्या बॉक्समध्ये सात वर्षांची पोरगी बेतानं मावते, हे मला सुचायला दोन दिवस गेले. सुचल्यावर बाकीचं भराभर झालं. जरा फाटलेला एक बॉक्स मागून घेतला. हातांना वॉशिंग मशीनचा जुना पाइप. पट्ट्यांसाठी दुसऱ्या बॉक्सचा वरचा कागद ओला करून सोलला. आत पन्हाळीच्या पत्र्यासारख्या लाटा असतात, त्या हुबेहूब रणगाड्याच्या. खांद्याला अडकवायचे पट्टे आमच्या दुकानातल्या म्हाताऱ्या हमालानं, तात्यांनी, दाभण आणि सुतळीनं असे शिवले, की पोरीसकट खोकं खुंटीला टांगलं असतं तरी उसवलं नसतं.

रंगाचं मी सोपं धरून चाललो होतो. पिवळ्या पोस्टर कलरच्या चार बाटल्या आणल्या. चौथी संपली तेव्हा खोक्याची एक बाजू आणि माझी विजार रंगली होती. शिवाय तो पिवळा फारच कोरा, लिमलेटच्या गोळीसारखा. आमची आई हरिपूरची; कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांचं गाव. तिनं चष्मा कपाळावर सरकवून खोकं बघितलं आणि म्हणाली, "सांगलीत राहून पिवळा रंग विकत आणतोस होय रे?"

पहिल्या वेळी हळद नुसत्या पाण्यात कालवली. खोक्यानं पाणी पिऊन पापडासारखी मान टाकली. मग आईनं मैद्याची खळ शिजवली, तीत हळद मिसळली आणि पंख्याखाली एकेक पातळ हात देत बसली. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आमच्या गावची हळद. नवऱ्या मुलालाही कुणी इतकी फासत नसेल. रंग मात्र असा उतरला, की हे खोकं खरंच कित्येक वर्षं उघड्यावर पडलं होतं म्हणावं. सकाळी मी ते वाळायला म्हणून गच्चीवर उन्हात ठेवलं. संध्याकाळी आणायला गेलो तर उन्हाकडची बाजू फिकी पडलेली. आई म्हणाली, "सदऱ्यावरचा हळदीचा डाग मी उन्हातच घालवते. ठाऊक नाही तुला?" ठाऊक होतं. पण डाग वेगळा आणि रंग वेगळा, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. पुन्हा खळ, पुन्हा हळद.

गंज राहिला होता. कन्येचा हट्ट होता की गंज हवाच, नाहीतर तो वॉल-ई नवीन दिसेल. तात्या पट्ट्यांची लांबी बघायला घरी आले होते. त्यांनी कोपरीच्या खिशातून चुन्याची डबी काढली, बोटावर एवढासा चुना घेतला आणि खोक्याच्या कोपऱ्यावर घासला. आमच्या डोळ्यांदेखत पिवळा लाल झाला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वीपासून याच वाटेनं होत आलंय. पण पुठ्ठ्यावर ते होताना बघणं निराळं. तो लाल वाळता वाळता कडेनं तपकिरी पडत गेला. कन्येनं खिळ्यांच्या जागी ठिपके दिले. तात्या म्हणाले, "आसं न्हवं पोरी." आणि प्रत्येक ठिपक्याखाली बोटानं एक ओघळ ओढला. गोदामाच्या पत्र्यावर खिळ्याखालून पावसाच्या पाण्याबरोबर गंज उतरतो, तो त्यांनी तीस-पस्तीस वर्षं बघितला असेल. मी वीस वर्षं त्याच पत्र्याखाली बसतोय. मला ओघळ आठवला नसता.

मग डोळे. वॉल-ईला तोंड नाही, नाक नाही, भुवया नाहीत. जे काही आहे ते डोळ्यांत. टाल्कम पावडरचे दोन रिकामे डबे लांबट गोल असतात, ते कापले, आत काळा कागद चिकटवला, व्हाइटनरचा एकेक ठिपका दिला आणि माझ्या जुन्या टोपीवर ठोकून बसवले. तिला टोपी घातली आणि आम्ही सगळेच दचकलो. समोर आयकराचा अधिकारी उभा. खोकं गरीब, पण डोळे धाडीला आलेले.

या सिनेमाचा दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन एकदा बेसबॉलची मॅच बघायला गेला होता. तिथं त्यानं शेजाऱ्याची दुर्बीण मागून घेतली आणि ती उलटी धरून, मधला सांधा वाकवून तिला हसवत-रडवत बसला. मॅच राहिली बाजूला, पण वॉल-ईचे डोळे तिथं सापडले. मी दोन डब्यांच्या मध्ये एक नट-बोल्ट घातला, टोपीच्या मागून एक दोरी सोडली आणि रविवारची दुपार आरशासमोर काढली. आतले कोपरे खाली गेले की खवळलेला. बाहेरचे खाली ओघळले की बिचारा. मधे सुताएवढ्या अंतरात एक जागा आहे, तिथं तो काहीतरी विचारू बघतोय असं वाटतं. ही स्वयंपाकघरातून जेवायला बोलवायला आली. मी दोरी ओढून डोळे उतरवले. ती म्हणाली, "यात नवीन काय? हे तुमचंच तोंड. महिनाअखेरचं."

लहानपणी आमच्या दारात बहुरूपी यायचा, फौजदार होऊन. खाकी विटलेली, एका बुटाला नाडी नाही, पट्टा फाटका. तो बहुरूपी आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. तरी "वॉरंट आहे तुमच्या नावचं" म्हणत त्यानं पायरीवर काठी आपटली, की आजोबा पैशासाठी खिशात हात घालायच्या आधी डोक्यावरची टोपी सारखी करायचे. माझ्या मते सोंग वठलं की नाही ते त्या टोपीवरून कळतं. ड्रेपरीवाल्याकडं ते भाड्यानं मिळत नाही.

कन्या तर आठ दिवस वॉल-ईच होती. वळायचं तर जागच्या जागी, काटकोनात. घरभर काहीबाही उचलत फिरायची. पेनाची टोपणं, बाटल्यांची बुचं, संपलेले सेल. सिनेमात त्याला एका डबीत हिऱ्याची अंगठी सापडते. तो अंगठी फेकतो आणि डबी ठेवतो. तिच्या आईची कानातल्यांची डबी दोन दिवस सापडत नव्हती. डबी खोक्याच्या पोटात निघाली, कानातली पोह्यांच्या डब्यामागं. त्याच्याकडं जुन्या बुटात एक रोपटं असतं म्हणून आम्ही माझ्या जुन्या बुटात मेथी पेरली. ती स्पर्धा झाल्यावर तिसऱ्या दिवशी उगवली.

स्पर्धेत प्रत्येकानं दोन वाक्यं बोलायची असतात. "मी अमुक, माझा संदेश तमुक." वॉल-ई जवळजवळ बोलतच नाही, तर संदेश कुठला द्यायचा? बाईंना हे पटलं नव्हतं. कन्येच्या आधी एक वासुदेव नाचून गेला होता, त्याच्या टोपीतली मोरपिसं पडली होती. पाहुण्यांच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्याही होत्या. कन्या स्टेजवर आली, डोळे वर केले, "वॉऽऽली" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. एकेक पीस उचलायचं, पोटाचं झाकण उघडायचं, टाकायचं, दाबायचं. पहिल्यांदा हॉल गप्प. मग मागून हशा सुरू झाला. बाई विंगेतून हातवारे करत होत्या, पण ती काटकोनात वळून परीक्षकांच्या टेबलाकडं गेली आणि एकांची पाण्याची बाटली उचलली. अर्धी भरलेली होती. त्यांनी दुसऱ्या टोकानं धरली. दोघं थोडा वेळ बाटली ओढत होते. शेवटी वॉल-ईनं दोरी ओढून डोळे खाली केले आणि साहेबांनी बाटली सोडली.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. संदेश नसल्यामुळं मार्क कापले, असं नंतर कळलं. पहिला एक शिवाजी आला. चांगला होता, दाढी फक्त एकदाच पडली.

दुसऱ्या दिवशी तिला ते सगळं अंगावर घालून यार्डात यायचं होतं, तात्यांना दाखवायला. सौदे आटोपले होते. तात्यांनी चारी बाजूंनी फिरून आपली सुतळी तपासली. पाठीमागं हळदीतून 'बेदाणा, १५ किलो' अजून वाचता येत होतं. त्यांनी तिला उचलून वजनकाट्यावर उभं केलं. २४ किलो २०० ग्रॅम.

"दिवाणजी," तात्या माझ्याकडं वळून तक्रारीच्या सुरात म्हणाले, "वर पंदरा छापलंय आन् माल चोवीस भरतोय. कडता किती धरायचा?"

कन्येनं दोरी ओढली. डोळे हळूहळू बाहेरून खाली उतरले.

तात्यांनी काट्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.