कळविण्यात येते की…

आमच्या कोकणातल्या गावचा सूचना फलक ग्रामपंचायतीच्या ज्या भिंतीवर आहे, नेमकी त्याच भिंतीवर पावसाची झड येते. फळा तिथेच का, असं कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात त्यावर खडूने लिहितात. जूनपासून खडू टिकत नाही, मग कागद चिकटवतात. कागद भिजतो, वाळतो, त्याच्यावर दुसरा बसतो आणि चतुर्थीपर्यंत फळ्यावर पुठ्ठ्याएवढा जाड थर जमतो. नखाने खरवडलं तर 'शनिवारी वीजपुरवठा बंद'च्या खालून १ मेची ग्रामसभा निघते.

मजकुराची सुरुवात मात्र ठरलेली. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की…' पुढे पाणीपट्टी असो, मोकाट गुरं कोंडवाड्यात घालण्याची धमकी असो, नाहीतर नळाचं पाणी दोन दिवस येणार नसो. मला यातली सगळ्यांत आवडणारी सूचना थंडीच्या तोंडावर लागते. वहाळावर वनराई बंधारा घालायचा आहे, तरी ग्रामस्थांनी श्रमदानास यावे आणि येताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणाव्यात. या गोण्यांत माती-वाळू भरून वाहतं पाणी अडवायचं असतं. पण त्या सकाळी वहाळावर पाण्यापेक्षा गोण्यांकडेच जास्त लक्ष असतं. गेल्या वर्षात कोणी केवढं बांधकाम काढलं, याचा हिशोब तिथे उघड्यावर मांडला जातो. घरावर अख्खा मजला चढवूनही जो दोनच गोण्या काखेत मारून येतो, त्याचं नाव पुढे शिमग्यापर्यंत निघतं.

खरं तर फळ्यावर लिहिलेलं गावाला आधीच ठाऊक असतं. शिपाई जुना मजकूर पुसायला लागला की रेशनच्या रांगेतली माणसं मागे येऊन उभी राहतात आणि पुढचं वाक्य तीच त्याला सांगतात. मग लिहायचं कशाला? माझ्या मते एकाच कारणासाठी. उद्या कोणी उठून 'माका कोणी सांगूकच नाय' असं म्हणू नये.

या एका वाक्याने इकडे भले भले घाबरतात. लग्नाची पत्रिका पोस्टाने पाठवली, मोबाइलवर तिचा फोटो पाठवला, तरी ते सांगणं होत नाही. ग्रामदेवतेला पहिली पत्रिका ठेवायची, मग अक्षता घेऊन घरोघर जायचं, ओटीवर बसायचं, पाणी प्यायचं, आणि उठता उठता 'येवक होया हां' म्हणायचं. तेव्हा कुठे निमंत्रण लागू होतं. पत्रिका हातात असूनही 'दारात येवन सांगूक नाय' म्हणून जेवायला न गेलेले लोक मला माहीत आहेत, आणि मनातून मला त्यांचंच बरोबर वाटतं. मयताचंही तसंच. वाडीवाडीतून एक माणूस निघतो, दारातूनच सांगतो आणि पाणीही न पिता पुढच्या घराकडे वळतो. त्या घरी चूल पेटणार नसते, म्हणून शेजारच्या घरात पिठलं-भाताचं आधण चढतं. त्यासाठी मात्र कोणी कोणाला काही कळवावं लागत नाही.

बंदरावरची सूचना मात्र निराळ्या जातीची. तिथे शब्दच नाहीत. खांबावर दिवसा आकृत्या चढतात आणि रात्री लाल-पांढरे दिवे लागतात, पण बोलताना सगळे त्याला बावटाच म्हणतात. 'तीन नंबरचो बावटो लागलो,' एवढं ऐकलं की न्याहारी करणारा माणूस हातातलं घावन अर्धवट ठेवून होडी वर ओढायला पळतो. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. एक आणि दोन लांबच्या वादळाचे. पाचपासून पुढे धोका, आठपासून दहापर्यंत महाधोका. हे सगळं समजण्यासारखं आहे. मला नवल वाटतं ते अकराव्या नंबरचं. त्याचा अर्थ, वादळाचा इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याचा धोका आहे. म्हणजे यापुढे सूचना येणार नाही, ही सूचना! ज्या कोणी कारकुनाने ही सोय करून ठेवली, तो समुद्रकाठचाच असला पाहिजे. पूर्वी बावट्याची थट्टाही चाले. बावटा लागला की हटकून ऊन पडतं, असं म्हातारे म्हणत. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतले पुरुष तेव्हा समुद्रात होते, आणि ती थट्टा तिथेच थांबली. पुढे मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं, तेव्हा होड्या आधीच माडांच्या मुळाशी दोरांनी बांधून ठेवलेल्या होत्या.

सरकारची दुसरी मोठी सूचना म्हणजे मासेमारी बंदीची, १ जून ते ३१ जुलै. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्र खवळलेला, अशी दोन्ही कारणं रास्त आहेत. यंत्राच्या होड्या वर येतात, जाळी ओटीवर पसरली जातात आणि दोन महिने गाव सुक्या बांगड्यावर आणि कुळथाच्या पिठीवर निघतं. पण ३१ जुलै संपला म्हणून समुद्र उघडला असं मानायला अनेक जण तयार नसतात. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सिंधुदुर्ग किल्ल्यातला मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, त्यामागून लोकांचे नारळ पडतात, किनाऱ्यावर बायका नारळ लढवतात, आणि मग म्हणायचं की हंगाम सुरू झाला. कागदावरची तारीख आणि पौर्णिमा यांच्यात काही वर्षी बऱ्याच दिवसांचं अंतर पडतं. त्या मधल्या दिवसांत जो होडी घालतो त्याला कोणी अडवत नाही. फक्त 'गेलंस काय?' एवढंच विचारतात, आणि त्या विचारण्यात सगळं येतं.

भरती-ओहोटीची सूचना मात्र आमच्याकडे कुठेच लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीनला. अष्टमीला सहाला. पुनव-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि तेही उधाणाची. सातवीत गणितात नापास झालेली पोरं हा हिशोब तोंडी करतात आणि ओहोटीला बरोबर खडपावर कालवं फोडायला हजर असतात. किनाऱ्यावर एक फलक आहे, 'खोल पाण्यात जाऊ नये', पण तो पाहुण्यांसाठी. त्याच्या खांबाचा उपयोग ते कपडे अडकवायला करतात आणि खोल पाण्यात जातात.

सगळ्यांत जलद पसरते ती रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची बातमी. होडी जाळं सोडत अर्धं वर्तुळ घालून परत येते, दोराची दोन टोकं वाळूवर दोन अंगांना येतात, आणि मग ओढणाऱ्यांच्या दोन रांगा लागतात. रापण संघाची असते, वाटे ठरलेले असतात. पण दोराला हात लावणाऱ्याला रिकामं पाठवायचं नाही, हा अलिखित कायदा. त्यामुळे 'रापण लागली' एवढं ऐकू आलं की सायकलवरून जाणारा मास्तर सायकल वाळूत पाडतो, पोस्टमन पिशवी माडाला टांगतो, आणि सुट्टीवर आलेला मुंबईकर, ज्याच्या तळहाताला घरी तांब्यासुद्धा जड होतो, तोही दोर धरून आरोळी ठोकतो. जाळं जवळ येतं तसा दोर कमी ओढला जातो आणि अंदाज जास्त बांधले जातात. पेडवे असतील, तारली असेल, नुसतीच शेवाळ असेल. हल्ली बऱ्याचदा शेवाळच असते. बाहेर मोठ्या यांत्रिक बोटी, रात्री पाण्यावर दिवे टाकून केलेली मासेमारी, त्यातून उरलेलं किनाऱ्यापर्यंत काय पोचणार! याबद्दल रापणकार जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. पण दोर लागला की हात लागतात, हे अजून सुटलेलं नाही.

मिळालेले बांगडे त्याच घरात राहतात असं मात्र नाही. आमच्याकडे दोन आवारांच्या मधे चिऱ्याचा गडगा असतो, कमरेइतका उंच. उंची जाणूनबुजून तेवढीच ठेवली असावी, कारण यापेक्षा उंच केला तर त्यावरून वाटी देता येणार नाही. 'वयनी, बांगडे गावले,' म्हणून वाटी पलीकडे जाते. वाटी रिकामी परत येत नाही. तिच्यात सोलं येतात, ओले काजूगर येतात, अळवाची पानं येतात, काहीच नसलं तर चिमूटभर साखर येते. कधी कधी हे देणंघेणं इतकं लांबतं की वाटी मुळात कोणाची हेच विसरलं जातं. आमच्या घरात 'आर. के. एन.' अशी अक्षरं कोरलेली एक वाटी आहे. आमच्या ओळखीत या अक्षरांचं कोणीच नाही.

फणसाला तर सूचनेची गरजच पडत नाही. बरका फणस फोडला की तीन घरांपलीकडे वास जातो, आणि एका घराने तो संपवणं शक्य नसतं. वास गेला आणि गरे गेले नाहीत तर मात्र अबोला होऊ शकतो. माडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेलीचंही तसंच. माडावर चढणारी माणसं आता थोडी उरली. त्यामुळे तो ज्याच्या आवारात येतो त्याने शेजाऱ्याला हाक मारायची, ही रीत झाली आहे. 'पाडेली इलो हा, तुमच्याकडे धाडू काय?' हाक मारली नाही आणि तो परस्पर निघून गेला, तर पुढचे महिना-दीड महिना पलीकडचे लोक डोक्यावर नारळ पडेल या भीतीने न्हाणीघराकडे जाताना वर बघत जातात. आणि ते कोणामुळे, हेही विसरत नाहीत.

देवाच्या सूचना वेगळ्याच. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा असते, पण तिची तारीख पंचांगात सापडत नाही. देवीचा कौल होतो आणि तारीख ठरते. ती ठरल्याची बातमी त्याच दिवशी परळ, भांडुप, डोंबिवलीत पोचते आणि रेल्वेच्या तिकिटांची मारामारी सुरू होते. आचऱ्याची गावपळण त्याहून अजब. काही वर्षांच्या अंतराने श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव, सगळ्या जातिधर्मांची माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातं. तीन दिवस तीन रात्री रानात झोपड्या टाकून राहतं, आणि परत कौल झाला की घरी येतं. यावर फॉर्म भरावा लागत नाही, सही लागत नाही. दोन गोण्या आणायला कुरकुरणारी माणसं एका कौलावर घरदार उघडं टाकून निघतात. याचा अर्थ लावायच्या भानगडीत मी पडत नाही. मात्र तिथे असताना शेजारी बदलतात, आणि गावात बारा वर्षं न बोललेली दोन माणसं तीन दगडांच्या चुलीसाठी एकमेकांकडे विस्तव मागतात, असं मी ऐकून आहे.

आता गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्याचा फोटो कोणीतरी काढतो आणि टाकतो, बहुधा तिरका. 'उद्या पाणी येणार नाही' यावर सगळ्यांत जास्त हळहळ विरार आणि डोंबिवलीतून व्यक्त होते. गावातले वाचत नाहीत, कारण त्यांना हे नळाच्या आवाजावरून कळलेलं असतं. वाढदिवस, सुविचार, हवामानाचा इशारा आणि हरवलेली म्हैस एकाखाली एक येतात. म्हैस दुपारी सापडते, पण तिचा फोटो पुढे आठवडाभर फिरत राहतो.

गेल्या मे महिन्यात आमच्या वरच्या घरच्या काकांनी ग्रुपवर टाकलं, 'आमची शिडी कोणी नेली असल्यास आणून द्यावी. कौलं परतायची आहेत.' पहिलं उत्तर आलं, 'शिडी नाय, पण तुमची पहार माझ्याकडे आसा. घेवन जावा.' त्यावर तिसराच म्हणाला, 'ती पहार माझी.' मग डोंबिवलीहून प्रश्न आला, 'कोणाची शिडी?' कोणीतरी ती खालच्या वाडीत बघितल्याचं कळवलं, खालच्या वाडीने ती गणपतीच्या मांडवासाठी नेली होती आणि परत केली होती असं ठामपणे लिहिलं, आणि दुपारपर्यंत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. संध्याकाळी शाळेच्या शिपायाचा निरोप आला. 'शिडी शाळेची आसा. दोन वर्सां झाली सांगतंय.'