खालून दुसरं बटण

शर्टाचं एक बटण लावायला किती पायऱ्या लागतात? आमच्या मजल्यावरच्या बाईंच्या हिशेबी सहा. काजाचा काठ एका हाताने धरायचा. दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण घ्यायचं. त्याची कड काजात तिरकी घालायची. अर्धं बटण आत ढकलायचं. मग चिमूट सोडून पलीकडे आलेलं अर्धं पकडायचं आणि ओढून घ्यायचं. यातली पाचवी पायरी सगळ्यात वाईट, कारण तिथे हात बदलावे लागतात आणि मधल्या क्षणी बटण कोणाच्याच ताब्यात नसतं. हे मला त्यांनी जिन्यात, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना, माझ्याच शर्टाकडे बोट (खरं तर हनुवटी) दाखवून समजावलं होतं.

बाई विशेष मुलांच्या शाळेत शिकवायच्या. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. शोकसभेत बोलणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या सहनशीलतेचं कौतुक केलं, आणि मला राहून राहून वाटत होतं की आत्ता बाई असत्या तर उठून निघून गेल्या असत्या. ‘किती पेशन्स हो तुम्हाला!’ हे वाक्य त्यांना अजिबात खपायचं नाही. ‘सुताराला कुणी म्हणतं का, किती पेशन्स तुम्हाला म्हणून? त्याला लाकूड कळतं म्हणतात,’ असं त्या फणकाऱ्याने म्हणायच्या. त्यांना संतपद नको होतं. आपलं काम येतं एवढंच लोकांनी मान्य करावं, अशी त्यांची माफक अपेक्षा होती आणि बहुतेकांनी ती पुरी केली नाही.

काम म्हणजे काय, तर हे टास्क अॅनालिसिस. पायऱ्या पाडायच्या आणि शेवटच्या पायरीपासून शिकवायला घ्यायचं. पहिल्या पाच पायऱ्या बाई करणार, मुलाने फक्त ओढायचं. म्हणजे पहिल्याच दिवशी बटण लागतं आणि ते त्याच्या हातून लागतं. ते पक्कं झालं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. पुढून सुरुवात केली असती तर मुलाने काठ धरायचा, चिमूट करायची, आणि यश मात्र दर वेळी बाईंना मिळायचं. शिकवताना त्या मुलासमोर नाही, पाठीमागे बसायच्या. समोरून दाखवलं की डावं-उजवं उलटं होतं. मागून मुलाच्या हातांवर आपले हात ठेवले की दोघांचं बटण एकाच बाजूला येतं.

त्याच्याही आधीची तयारी वेगळीच. पुठ्ठ्याच्या खोक्याला फट पाडून त्यातून नाणं टाकायचं. मग जाड कापडाच्या तुकड्याला चीर देऊन मोठं बटण. मग टेबलावर पसरलेलं जाकीट, आणि मग कुठे अंगातला शर्ट. तिथेही सुरुवात खालच्या बटणांपासून, कारण ती दिसतात. गळ्याजवळचं दिसत नाही, ते नुसत्या बोटांनी शोधावं लागतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी. मुलींच्या फ्रॉकला पाठीवर बटणं शिवणाऱ्या शिंप्यांबद्दल बाईंचं मत फार वाईट होतं.

त्यांच्याकडे एक जुनी तपासणी यादी होती, मद्रासला तयार झालेली. 18 विभाग, प्रत्येकात 20 कामं, एकूण 360. जेवण, कपडे, अंघोळ, पैसे, वेळ, सगळं त्यात होतं. प्रत्येक कामापुढे दोनच उत्तरं चालायची, करतो किंवा करत नाही. ‘थोडं थोडं जमतं’ला जागाच नव्हती. यादीचा हा निष्ठुरपणा बाईंना फार आवडायचा. आया म्हणायच्या, ‘त्याला सगळं कळतं हो!’ त्यावर बाई, ‘कळतं ते राहू दे, करतो काय ते सांगा.’ आया दुखावायच्या. पण घरी सकाळी गाडीची वेळ झाली की याच आया पटापट बटणं लावून मोकळ्या होतात आणि शाळेतला महिना पाण्यात जातो, हे बाईंना पाठ होतं. मग त्या हुकूम सोडायच्या की आठवडाभर तुम्हीच लावा, पण रविवारी, घाई नसताना, एक बटण त्याचं. खालून दुसरं. अगदी खालचं का नाही, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

निवृत्तीनंतर त्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या मुलांबरोबर मैदानावर जायच्या, शर्यतीच्या शेवटच्या रेषेपलीकडे उभं राहून नावाने हाका मारायच्या. पण त्यांचा खरा दरबार गुरुवारी दुपारी घरच्या जेवणाच्या टेबलावर भरायचा. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याची कागदपत्रं बाई लावून द्यायच्या, शिवाय एक लाखापर्यंतच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि टेबलाभोवती नवे चेहरे दिसू लागले. न्यासाच्या योजना मात्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरत्याच. त्यामुळे ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं सांगून परत पाठवायची वेळही त्यांच्यावर यायची. ते त्या चहा झाल्यावर सांगायच्या.

या कामात बाई बटणाची युक्ती वापरत नसत. इथे त्या पहिल्या पायरीपासून पालकांकडूनच करून घ्यायच्या. अर्ज तुम्ही लिहा, मी बघते. झेरॉक्स तुम्ही काढा. साहेबांशी तुम्ही बोला, मी शेजारी बसते. काही जण चिडायचे, समाजसेवा करताय तर पूर्ण करा की, असं तोंडावर बोलणारे एक गृहस्थ मला आठवतात. बँकेतून निवृत्त झालेले, मुलगी तिशीतली.

आता गुरुवारचं टेबल याच गृहस्थांच्या घरी भरतं. ते अर्ज बाईंपेक्षा नीटनेटके लावतात, कचेरीत भांडतातही जास्त, आणि चहा मात्र देत नाहीत.